अन्नातल्या कीटकनाशकांची तपासणी: रिपोर्ट परत शेतापर्यंत जाणार कधी?

२०१७ च्या ऑगस्टमधे नेदरलँड्समधली माणसं घरातला फ्रिज उघडून एकेक अंडं हातात घेऊन त्यावर छापलेला नंबर वाचत होती. युरोपात अंड्याच्या कवचावर कोड असतो, पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, मग दोन अक्षरं देशाची, पुढे त्या पोल्ट्रीचा नंबर. डच सरकारी यंत्रणेने अशा नंबरांची यादी जाहीर केली होती, आपला नंबर त्यात असेल तर अंडं टाकून द्यायचं, नसेल तर खायचं, इतकं सोपं. कारण होतं फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर ते चालतं, पण ज्या जनावरांपासून आपल्याला अन्न मिळतं त्यांच्यावर वापरायला युरोपात बंदी आहे. कोंबड्यांना त्रास देणाऱ्या लाल माइट, म्हणजे अगदी बारीक गोचिडासारखे जीव, मारण्यासाठी पोल्ट्र्या साफ करून देणाऱ्यांनी जे वापरलं त्यात हे मिसळलेलं होतं, आणि बऱ्याच पोल्ट्रीवाल्यांना आपल्या शेडमधे नक्की काय फवारलं जातंय हेच माहीत नव्हतं.

मला ही घटना राहून राहून आठवते, कारण तिच्यात तपासणीची चांगली बाजू आणि वाईट बाजू दोन्ही एकदम दिसतात. चांगली बाजू म्हणजे तो नंबर. लॅबमधला आकडा थेट माणसाच्या हातातल्या अंड्यापर्यंत पोचला आणि तिथून उलटा त्या शेडपर्यंत गेला. वाईट बाजू अशी की बेल्जियमच्या यंत्रणेला हे जूनच्या सुरुवातीला कळलं होतं आणि बाकीच्या देशांना इशारा गेला २० जुलैला. फसवणुकीचा तपास चालू आहे म्हणून गप्प बसलो असं नंतर सांगण्यात आलं. त्या सहा-सात आठवड्यांत ती अंडी लोक खात होते, लहान मुलांना उकडून देत होते, आणि नंतर कळलं की माल चाळीसच्या वर देशांत गेलाय.

तर माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं आहे की कीटकनाशकांचे अंश मोजणं म्हणजे ग्राहकाचं संरक्षण नाही, मोजलेला आकडा परत ज्याने फवारलं त्याच्यापर्यंत, ज्याने विकलं त्याच्यापर्यंत आणि ज्याने खाल्लं त्याच्यापर्यंत वेळेत गेला तरच ते संरक्षण. नाहीतर आपण दरवर्षी हजारो नमुने दळतो, मशीनमधे घालतो, एक जाडजूड अहवाल काढतो, त्यातला टक्का पेपरात येतो आणि पुढच्या हंगामात तोच शेतकरी तेच औषध त्याच पिकावर त्याच दिवशी मारतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट साफ करू, कारण यावर नेहमी गोंधळ होतो. एमआरएल, म्हणजे कमाल अंश मर्यादा, ही विषाची रेषा नाही. औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणे, तितक्याच मात्रेत, तितकेच दिवस थांबून वापरलं तर काढणीच्या वेळी जास्तीत जास्त किती अंश उरेल ते प्रत्यक्ष शेतात प्रयोग करून बघतात आणि त्यावरून ही मर्यादा ठरते, आणि मग ते प्रमाण रोज खाल्लं तरी तब्येतीला चालेल का हे वेगळं तपासतात. त्यासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या मात्रेला काही दुष्परिणाम दिसत नाही ती मात्रा घेतात आणि साधारण शंभराने भागतात, दहा पट माणूस आणि प्राणी यांच्यातल्या फरकासाठी आणि दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी. म्हणजे मर्यादा ओलांडलेली एक भाजी खाल्ली की माणूस आडवा होतो असं अजिबात नाही. मर्यादा ओलांडली याचा खरा अर्थ असा की शेतात किंवा गोदामात कुठेतरी नियम मोडलाय.

या एका गोष्टीमुळेच मला दोन्हीकडच्या लोकांचं पटत नाही. एक गट प्रत्येक बातमीवर सगळं अन्न विषारी झालंय म्हणून ओरडतो, फळं खाणंच बंद करतो, आणि फळंभाज्या न खाण्याचं नुकसान तर अगदी नक्की आहे. दुसरा गट म्हणतो की मर्यादेत आहे ना, मग झालं, कशाला बोंबलता. पण मर्यादा ही जर शिस्तीची रेषा असेल तर ती ओलांडणं हा निरोप आहे, आणि निरोप कोणाला तरी पोचवायचा असतो.

आता हा आकडा निघतो कसा ते जवळून बघा, कारण त्यातच बरंच काही दडलंय. मध्यम आकाराचं फळ असेल तर निदान दहा नग आणि किलोभर वजन असा नमुना घेतात. ते सगळं कापून, शक्यतो गोठवून, एकत्र बारीक दळतात. त्यातला फक्त १० ग्रॅम लगदा नळीत घेतात, त्यात अंश विरघळवून घेणारा द्रव म्हणून १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. नळी जोरात हलवली की हाताला गरम लागते, कारण ते सल्फेट पाणी शोषताना उष्णता सोडतं. मग सेंट्रिफ्यूजमधे फिरवली की वरती एक थर वेगळा होतो आणि औषधांचे अंश त्या थरात येतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला कॅचर्स म्हणतात, आणि तिने खरंच क्रांती केली, आधी एका नमुन्याला ढीगभर सॉल्व्हंट आणि बराच वेळ लागायचा तिथे आता एक माणूस थोड्या वेळात कितीतरी नमुने तयार करतो. तो थर साफ करून मास स्पेक्ट्रोमीटरमधे, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, गेला की काहीशे कीटकनाशकं एका फेरीत शोधता येतात, आणि तीही किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे एक टन मालात १० मिलिग्रॅम. ज्यांनी हे शक्य केलं त्या केमिस्ट लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. यंत्र कमी पडत नाहीये, यंत्राच्या आधी आणि नंतर जे होतं ते कमी पडतंय.

आधीचं बघू. दहा फळं एकत्र दळली म्हणजे आपल्याला दहांची सरासरी मिळाली, पण माणूस सरासरी खात नाही, एक फळ खातो. ब्रिटनमधे १९९० च्या दशकात गाजरं एकत्र न दळता एकेक तपासली तेव्हा दिसलं की एकाच शेतातल्या काही गाजरांत सरासरीच्या कित्येक पट ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे, आणि मग १९९५ मधे तिथल्या सरकारला लोकांना सांगावं लागलं की गाजरं सोलून आणि शेंडा कापून खा. त्यानंतर जगभर जोखीम मोजताना एकेका नगातला हा फरक हिशोबात धरायला लागले. हे सगळं कळलं कशामुळे तर कोणीतरी नमुना वेगळ्या पद्धतीने घेतला म्हणून. नमुना कसा घेता यावर तुम्हाला काय दिसणार हे ठरतं.

आणि काय शोधता यावरही. रिपोर्टवर "आढळले नाही" असं लिहिलेलं असतं तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं नाहीच आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की ज्या यादीतली औषधं शोधली त्यातलं काही ठरलेल्या पातळीच्या वर मिळालं नाही. वर सांगितलेली जी एका फेरीत काहीशे औषधं शोधणारी पद्धत आहे तिच्यात ग्लायफोसेट येत नाही, पॅराक्वाट येत नाही, इथेफॉन येत नाही, या पाण्यात विरघळणाऱ्या मंडळींना वेगळी पद्धत लागते, म्हणजे वेगळा खर्च. मँकोझेबसारखी बुरशीनाशकं तर जशीच्या तशी मोजतच नाहीत, त्यांचं विघटन करून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात, आणि कोबी-लसणासारख्या भाज्या स्वतःच तसला वायू देतात त्यामुळे तिथे निरपराध माल पण अडकू शकतो. २०२० च्या सप्टेंबरमधे भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, जंतू मारायला गोदामात देतात तो वायू, युरोपात अन्नावर वापरायला बंदी, आणि मग ब्रेडपासून आइस्क्रीमपर्यंत हजारो उत्पादनं परत मागवावी लागली. इतकी वर्षं ते कोणी नेहमीच्या तपासणीत शोधतच नव्हतं, कारण त्याला पण वेगळी पद्धत लागते. म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे, प्रत्येक रिपोर्टवर काय काय शोधलं नाही ते पण छापा. त्यासाठी नवं मशीन लागत नाही, फक्त प्रामाणिकपणा लागतो.

आता तो टक्का. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या अहवालात १,१०,८२९ नमुने होते आणि त्यातले ९६.३ टक्के मर्यादेत होते. अमेरिकेचा शेती खात्याचा कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे, तिथे दरवर्षी ९९ टक्क्यांच्या वर नमुने मर्यादेत निघतात. मग अमेरिकेचं अन्न युरोपपेक्षा स्वच्छ का? तसं काही म्हणता येत नाही. मर्यादा वेगळ्या, शोधायच्या औषधांची यादी वेगळी, नमुने घ्यायची पद्धत वेगळी. अमेरिकेत त्या कार्यक्रमात फळ घरी जसं धुऊन सोलून खातात तसं करून तपासतात, कारण त्यांना खाणाऱ्याच्या पोटात काय जातं ते मोजायचंय, आणि ते योग्यच आहे, पण मग तो आकडा शेतात नियम पाळला का याचं उत्तर देत नाही. युरोपच्या आकड्यात पण दोन प्रकार मिसळलेत, काही नमुने जिथे संशय आहे तिथून मुद्दाम घेतलेले, आणि काही सरसकट कुठूनही उचललेले, आणि फक्त सरसकटवाले बघितले तर मर्यादेतल्यांचा टक्का ९८ च्या आसपास जातो. म्हणजे त्याच वर्षी त्याच बाजारात नमुना कुठून उचलला यावर टक्का बदलतो. शिवाय एकूण नमुन्यांपैकी ३.७ टक्क्यांनी मर्यादा ओलांडली तरी कारवाईच्या लायक ठरले एकूणातले २.२ टक्केच, कारण लॅबच्या मोजणीतली संभाव्य चूक म्हणून साधारण निम्मी सूट विक्रेत्याला मिळते. मर्यादा ०.०१ असेल आणि मशीनने ०.०१८ दाखवलं तर ते ओलांडलेलं धरतात पण कायद्याने दोषी धरत नाहीत. आरोपीला संशयाचा फायदा द्यायचा हे न्यायाच्या दृष्टीने ठीकच आहे, मला फक्त एवढंच म्हणायचंय की टक्का बघून निर्धास्त होणाऱ्याला हे सगळं माहीत असायला हवं.

आणि हो, तो २०२२ चा अहवाल प्रसिद्ध झाला एप्रिल २०२४ मधे. मधल्या काळात प्रत्येक देश आपापल्या पातळीवर कारवाई करत असतो, धोका असेल तर १९७९ पासून चालू असलेल्या इशारा यंत्रणेवर लगेच कळवतात, हे खरं आहे आणि ते सांगायलाच पाहिजे. पण पालेभाजी दोन दिवसांत खाल्ली जाते. नमुना उचलला तेव्हाच त्याच लॉटचा बाकीचा माल घरोघरी गेलेला असतो, रिपोर्ट येईपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. म्हणजे ताज्या मालाच्या बाबतीत तपासणी त्या दिवशीच्या ग्राहकाला जवळजवळ कधीच वाचवत नाही, ती वाचवू शकते पुढच्या तोड्याच्या ग्राहकाला, आणि तेही निरोप शेतापर्यंत गेला तर. हे नीट डोक्यात बसलं की सगळा प्राधान्यक्रम बदलतो. मग नमुन्यांची संख्या वाढवण्यापेक्षा नमुना कोणाचा आहे हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं वाटायला लागतं.

हे म्हणताना कधीकधी समोरून विचारतात की कीटकनाशकाच्या अंशाने प्रत्यक्षात कोणी आजारी पडतं का हो, उगाच बाऊ करताय. पडतं. १९८५ च्या जुलैमधे कॅलिफोर्नियात आणि आजूबाजूला कलिंगडं खाऊन हजाराहून जास्त लोक आजारी पडल्याची नोंद झाली, उलट्या, घाम, स्नायू थरथरणं. कलिंगडांत अल्डिकार्ब नावाचं कीटकनाशक होतं, कलिंगडावर वापरायची परवानगीच नसलेलं, आणि ते मुळांतून शोषलं जाऊन आत गरात जातं, त्यामुळे साल धुऊन काहीही उपयोग नव्हता. एवढा मोठा प्रसंग रोज होत नाही. पण रोज न होणं हे नियम पाळले जातात म्हणून आहे, नियम आपोआप पाळले जात नाहीत.

आणि खरी काळजी एका दिवसाच्या विषबाधेची नाहीच, काळजी लहान मुलांची आहे. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त खातं, आणि मोजकेच पदार्थ पुन्हा पुन्हा खातं, फळाचा रस, दूध, केळं. १९९३ मधे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने हेच दाखवून दिलं की मर्यादा ठरवताना मुलांचा वेगळा विचार होतच नाहीये, आणि १९९६ मधे तिथे कायदा बदलला, मुलांसाठी आणखी दहा पट सुरक्षा धरायची असं ठरलं. शिवाय एकाच पद्धतीने शरीरावर काम करणारी औषधं एकत्र धरून जोखीम मोजायची असंही त्यात आलं. कारण एका फळावर चार औषधांचे अंश, चारही आपापल्या मर्यादेत, असा नमुना रिपोर्टमधे पास होतो. युरोपात अशा एकत्रित परिणामाचे पहिले दोन अभ्यास २०२० मधे प्रसिद्ध झाले, एक मज्जासंस्थेवर आणि एक थायरॉइडवर. इतका उशीर! क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या, दशकानुदशकं ते मर्यादेत होतं, मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या परिणामांची शंका बळावली आणि २०२० मधे युरोपने परवानगी थांबवली. काल पास होणारा नमुना आज नापास, नमुना तोच. म्हणून जुने आकडे जपून ठेवणं, पुन्हा पुन्हा तपासता येतील असे उघडे ठेवणं हे पण तपासणीचंच काम आहे.

आता शेतकऱ्याकडे येतो, कारण या सगळ्या चर्चेत त्याला सरळ आरोपी करून मोकळे होणारे बरेच आहेत. आपण भाषेतच बघा काय म्हणतो, औषध मारलं म्हणतो. पिकाला रोग पडला, औषध आणलं, मारलं. दुकानदार डॉक्टरसारखा सल्ला देतो आणि त्याच्याकडे जे शिल्लक आहे ते देतो. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फवारणीनंतर इतके दिवस काढणी करू नये. पण जी भाजी दर दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि कोणी घेत नाही, तिच्यावर आठ दिवस थांबायचं म्हणजे तीन-चार तोडे फेकून द्यायचे. कीड आज आलीय, तोडा उद्या आहे, कर्ज डोक्यावर आहे. अशा वेळी तो काय करणार हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. आणि तोच माणूस पाठीवर पंप घेऊन तोंडाला नुसतं फडकं बांधून त्या फवाऱ्यात उभा असतो, आपल्या ताटात किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग येतो, त्याच्या अंगावर कितीतरी पट जास्त उडतं. ज्या मालात जास्त अंश सापडला तिथे फवारणारा माणूस पण धोक्यात आहे असं समजूनच रिपोर्ट वाचायला हवा.

बरं, सगळ्याच चुका त्याच्या नसतात. बाटलीत लेबलवर नसलेलं रसायन मिसळलेलं असू शकतं, "जैविक" म्हणून विकलेल्या औषधात पण, शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने येतो, व्यापारी गोदामात परत काहीतरी मारतो. आणि एक मोठा प्रकार असा की पीक लहान, क्षेत्र कमी, म्हणून त्या पिकासाठी औषधाची नोंदणी करायला कंपनी पैसे घालत नाही. मग त्या पिकावर काहीही मारलं तरी ते बेकायदाच, कारण युरोपसारख्या ठिकाणी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर आपोआप ०.०१ लागू होते. अशा नमुन्यात ०.०३ सापडलं तर तो नापास, आणि तेच औषध दुसऱ्या पिकावर ०.५ ला पास. शेतकऱ्याला दंड करून यातलं काय सुटणार? अमेरिकेत १९६३ पासून सरकारी पैशातून अशा लहान पिकांसाठी चाचण्या करून देणारा कार्यक्रम आहे, तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो. तपासणीत एकाच पिकावर एकच परवानगी नसलेलं औषध सतत सापडत असेल तर त्याचा अर्थ त्या पिकावर कीड आहे आणि तिच्यावर कायदेशीर उपाय नाही. हे वाचायला आलं पाहिजे. कीटकशास्त्रज्ञाने ते वाचून उपाय सुचवला पाहिजे, दुसरं कमी टिकणारं औषध, सापळा, मित्रकीटक, जे काही असेल ते.

नावं जाहीर करण्याबद्दल पण मला ठामपणे बोलायचंय. ब्रिटनमधे तिमाही निकालांत कुठल्या दुकानातून कुठला ब्रँड घेतला आणि त्यात काय निघालं ते सगळं प्रसिद्ध होतं. त्याने बाजार कोसळला नाही. उलट मोठे विक्रेते स्वतःच माल उचलायच्या आधी तपासून घ्यायला लागतात, कारण पुढच्या यादीत आपलं नाव नको असतं. याउलट जिथे नुसतं "अमुक टक्के भाज्यांत अंश" एवढंच छापतात तिथे नीट वागणारा शेतकरी आणि बेफिकीर व्यापारी दोघे एकाच टक्क्यात बुडतात, आणि ग्राहक सगळ्यांवरच संशय घेतो. माझ्या मते नाव लपवण्याने सगळ्यात जास्त नुकसान प्रामाणिक शेतकऱ्याचंच होतं. फक्त एक अट, नाव छापायच्या आधी लॅब मान्यताप्राप्त हवी, तिला गुपचूप ओळखीचे नमुने पाठवून तिचीही परीक्षा घेतलेली हवी, आणि ज्याचा माल नापास झाला त्याला दुसरा नमुना दुसऱ्या लॅबमधून तपासून घ्यायचा हक्क हवा. चुकीच्या आकड्याने एखाद्याचं वर्ष बुडू शकतं, ते पण अन्यायच आहे.

खर्चाचा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. सगळं तपासता येणार नाही, कोणालाच. म्हणूनच कुठे बघायचं ते ठरवावं लागतं, आणि त्याचं चांगलं उदाहरण आहे, युरोपात आयात मालासाठी एक यादी असते, कुठल्या देशातून येणाऱ्या कुठल्या मालाचे किती टक्के लॉट तपासायचे याची, आणि ती दर सहा महिन्यांनी बदलतात, वारंवार नापास झालं की टक्का वाढतो, सुधारलं की कमी होतो. म्हणजे मागचा निकाल पुढच्या नमुन्याला दिशा देतो. हीच पद्धत देशांतर्गत बाजाराला लावायला काय हरकत आहे? पण होतं काय की निर्यातीचा माल लॉटवार तपासतात, कारण समोरचा देश परत पाठवेल ही भीती असते, आणि घरच्या बाजारातला माल वर्षाकाठी थोडेफार नमुने घेऊन सोडून देतात. बंदरावरून नाकारून परत आलेला माल शेवटी कुठे जातो हा प्रश्न प्रत्येक देशाच्या नागरिकाने आपल्या सरकारला विचारायला हवा, लेखी विचारायला हवा. परदेशातल्या मुलाला जे चालत नाही ते आपल्या मुलाला चालतं असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, तरी वागणूक तशीच असते, आणि याचा मला खरोखर राग येतो.

मग यंत्रणा काम करत नाही म्हटल्यावर सगळा भार येतो घरच्या सिंकवर. मिठाच्या पाण्यात ठेवा, सोड्यात ठेवा, व्हिनेगर लावा. धुवावं, जरूर धुवावं, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचं बरंच जातं. २०१७ मधे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला, खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवर लावलेली दोन औषधं जवळजवळ निघून गेली, पण जे सालीच्या आत शिरलं होतं ते तसंच राहिलं. आणि जी औषधं झाड मुळातून किंवा पानातून शोषून घेतं ती तर धुऊन निघणारच नाहीत, त्यासाठीच तर ती बनवलीत. मी स्वतः रोज भाजी धुतो, पण ते करताना मला हे पक्कं माहीत असतं की ही माझ्या हातातली शेवटची आणि सगळ्यात कमकुवत पायरी आहे. ज्या घरी पाणीच मोजून वापरावं लागतं त्यांना आपण काय सांगणार, पंधरा मिनिटं भिजवा?

मागे एका लॅबमधे काही दिवस बसायला मिळालं होतं तेव्हा नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या मी वाचत होतो. मालाचं नाव, तारीख, कुठून घेतला, वजन, सील नंबर, हे सगळं व्यवस्थित भरलेलं. उत्पादकाचं नाव या रकान्यात मात्र चिठ्ठीमागून चिठ्ठी एकच शब्द, "बाजार". शेवटची फवारणी कधी आणि कशाची, असा रकानाच नव्हता. आतली मुलगी त्या नमुन्यात ०.०१ पर्यंतचा अंश अचूक शोधून देत होती, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून, आणि तिला विचारलं की हा रिपोर्ट आता कोणाकडे जाणार तर म्हणाली वरती ऑफिसला, तिथून पुढे माहीत नाही. त्या चिठ्ठीवर शेताचा नंबर यायला हवा, अंड्यावर येतो तसा. व्यापाऱ्याने क्रेट घेताना तो लिहून घ्यायचा, नसेल तर माल घ्यायचा नाही, आणि निकाल लागला की तो फोनवर त्या नंबरच्या मालकाला पुढच्या तोड्याच्या आत गेला पाहिजे, पास झाला असला तरी.